सर्व्हर डाऊन नाही साहेब, रॅम खराब आहे!

(पोस्ट मोठी आहे. पण ज्यांचा एखादा दाखला, उतारा किंवा अर्ज कुठल्या ना कुठल्या खिडकीवर अडकलेला आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.)

सरकारी कार्यालयात सगळ्यात जास्त बोललं जाणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर शाळकरी पोरगंही सांगेल. "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." फार सोयीचं वाक्य आहे. सर्व्हर कुठे असतो ते समोरच्याला माहीत नसतं. तो मुंबईत असेल, पुण्यात असेल, नाहीतर आभाळात असेल. कुणाच्या बापाला दिसत नाही, त्यामुळे कुणाला जाब विचारता येत नाही. माणूस गपगुमान पिशवी उचलतो आणि एसटी स्टँडची वाट धरतो.

आज मला या वाक्यावरच बोलायचं आहे. कारण आपल्या तालुक्यातल्या एका कार्यालयात गेले दोन महिने जे चाललंय, त्यात सर्व्हरचा काडीचाही संबंध नाही. कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक नाव लिहिलं की बाकीचे सुटतात आणि ज्याचं नाव आलं तोच तेवढा बळीचा बकरा होतो. हे दुखणं एका कार्यालयापुरतं नाही.

झालं काय, तर त्या कार्यालयात सहा संगणक आहेत. जुने, पण चालणारे. हळू चालायचे एवढीच तक्रार. मग वरून 'संगणक अपग्रेडेशन' आलं. त्यात चूक काही नाही. विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते आणि आजची कामं बघता ४ जीबीत भागत नाही. म्हणजे रॅम वाढवणं गरजेचंच होतं. कंत्राटदाराची माणसं आली, डबे उघडले, नव्या पट्ट्या बसवल्या, संगणक सुरू करून पडद्यावर वाढलेला आकडा दाखवला, सही घेतली आणि गेली.

तिसऱ्या दिवसापासून सहापैकी दोन संगणक आपोआप बंद पडायला लागले. अर्ज भरता भरता निळा पडदा. स्कॅन केलेला कागद चढवताना निळा पडदा. कधी सकाळी सुरूच होईना, नुसती बीप बीप. आणि खिडकीवर उत्तर ठरलेलं, "सर्व्हर डाऊन."

आता साधी अक्कल चालवा. सर्व्हर बंद असेल तर सगळ्याच खिडक्या बंद पडतील ना? पलीकडच्या तालुक्यातही बंद पडतील. इथं एक नंबरची खिडकी धडाधड काम करतेय, दोन नंबरची करतेय आणि तीन नंबरवर रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढतेय. हा कुठला सर्व्हर, जो खिडकी बघून बंद पडतो? दोष मुंबईत नाही, पुण्यात नाही. दोष त्या टेबलाखालच्या धुळकट डब्यात आहे.

ज्यांना रॅम म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी कार्यालयाच्याच भाषेत सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम. तिथं फायली कायमच्या राहतात. रॅम म्हणजे क्लार्कसमोरचं टेबल. काम करायचं तर फाईल टेबलावर आणावी लागते, संध्याकाळी टेबल रिकामं. टेबल मोठं तितकं काम सुटसुटीत, म्हणून रॅम वाढवतात. पण समजा नवीन आणलेल्या टेबलाच्या एका कोपऱ्यात असा दोष आहे, की तिथं ३ लिहिलं तर वाचताना ७ दिसतं. गंमत म्हणून सांगत नाही, संगणकाच्या भाषेत ३ आणि ७ या अंकांत खरोखर एकाच बिटचा फरक असतो. ८ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे ६,८७१ कोटी बारीक खण असतात. प्रत्येक खणात विजेचा इवलासा साठा. तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळे खण पुन्हा भरत राहावे लागतात. त्यातले दोन-चार खण जरी कच्चे निघाले तरी पट्टी कामातून गेली.

आणि हा दोष मोठा फसवा असतो. कच्च्या खणात आज काय येऊन पडेल ते सांगता येत नाही. एखादा फोटो पडला तर फोटोवर एक ठिपका उमटेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. विंडोजचा स्वतःचा कामाचा भाग पडला तर निळा पडदा. म्हणून निळ्या पडद्यावरचा संदेश दरवेळी वेगळा येतो. सोमवारी मेमरीचं नाव, मंगळवारी प्रिंटरच्या ड्रायव्हरचं, बुधवारी तिसरंच काही. बघणाऱ्याला वाटतं, व्हायरस आहे. मग व्हायरसचा औषधपाणी. तरी बंद पडतोय? फॉरमॅट मारा. परत बंद? परत फॉरमॅट. अरे बाबा, ज्या टेबलावर ३ चा ७ होतो त्याच टेबलावर बसून तू नवीन विंडोज चढवतोयस! ते चढतानाच बिघडणार. त्या कार्यालयात एका संगणकाला तीनदा फॉरमॅट मारल्याचं मला तिथल्याच माणसाने सांगितलं. तीन दिवस खिडकी बंद. रॅमच्या पट्टीला मात्र कुणी हात लावला नाही.

यंत्र दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. मोटार वाइंडिंग करणारा असो, नाहीतर पिठाच्या गिरणीवाला असो, पहिला नियम एकच सांगेल. बिघाड सुरू होण्याआधी शेवटचा हात कशाला लागला ते बघ. गिरणीचा पट्टा बदलल्यावर आवाज यायला लागला तर आधी पट्टा बघायचा, गिरणीला रंग देत बसायचं नाही. इथं शेवटचा हात रॅमला लागला. मग तपास तिथूनच सुरू व्हायला हवा होता.

हा तपास कसा करतात? बघा, यात रॉकेट सायन्स काही नाही. दहावी पास पोरगं दोन दिवसांत शिकेल.

आधी संगणक बंद करून वायर काढायची, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, डब्याच्या धातूला हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज पट्टीत उतरत नाही. पट्टी काढायची, खाचेतली धूळ घालवायची, पट्टी परत नीट बसवायची. दोन्ही टोकांच्या चिमट्यांचा 'टक' आवाज आला पाहिजे. निम्म्या तक्रारींत पट्टी अर्धवट बसलेली असू शकते, हे कुठलाही जाणता कारागीर सांगेल. आपल्याकडे पट्टीच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवायची जुनी युक्ती आहे. जुन्या, काळवंडलेल्या पट्टीला ती लागूही पडते. पण कोऱ्या पट्टीला खोडरबर लावायची वेळ आली, तर ती पट्टी कोरी आहे का, हाच पहिला प्रश्न विचारावा लागेल.

मग एक एक करून. नवी पट्टी काढून ठेवा, फक्त जुनीवर संगणक चालवा. नीट चालला? मग दोष नव्या पट्टीत, नाहीतर दोघींच्या जुळण्यात. आता फक्त नवी लावा. मग तीच दुसऱ्या खाचेत लावा. एकच पट्टी दोन्ही खाचांत रडते, तर पट्टी खराब. कुठलीही पट्टी एकाच खाचेत रडते, तर खाच किंवा मदरबोर्ड खराब. दोन्ही एकेकट्या चालतात आणि एकत्र भांडतात, तर जोडी जमत नाही. तेव्हा बायोसमध्ये वेग वाढवून ठेवला असेल तर तो मूळच्या ठिकाणी आणून बघा. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ ची गल्लत सहसा होत नाही, कारण एकीला २४० टोकं, दुसरीला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसतच नाही. पण डीडीआर ४ मध्येच एक २४०० ची आणि एक ३२०० ची अशी खिचडी खुशाल बसते. चालली तर दोन्ही २४०० च्या चालीने चालतात. नाही चालली तर खिडकी नंबर तीन.

आणि शेवटी परीक्षा. मेमटेस्ट८६ प्लस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळतं. पेनड्राईव्हवर टाकायचं, विंडोज सुरू व्हायच्या आधीच ते चालवायचं. एक एक खण लिहून, वाचून, उलटं लिहून, पुन्हा वाचून बघतं. संध्याकाळी सहाला लावून घरी जा, सकाळी दहाला येऊन निकाल बघा. अगदी तेही नको असेल तर विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी दिलेली आहे. ती जरा वरवरची, पण काहीच न करण्यापेक्षा बरी. या परीक्षेत ३५ टक्क्यांना पास नसतं. लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी पट्टी, खाच किंवा जोडी यांपैकी काहीतरी नापास. ते दुरुस्त होईपर्यंत त्या संगणकावर लोकांची कामं करायची नाहीत. आणि पास झाली तर दोष दुसरीकडे शोधायचा. पॉवर सप्लाय बघा, गरम होतोय का बघा, डबा उघडताना एखादी वायर सैल झाली का बघा. दरवेळी रॅमच दोषी असते असं नाही. पण एका रात्रीत निम्मा गोंधळ मिटतो.

खर्च किती? एक पेनड्राईव्ह आणि एका रात्रीची वीज.

मग दोन महिने हे का झालं नाही? इथं खरी मेख आहे.

पट्ट्या बसवायला आलेल्या पोराशी मी बोललो. पोरगं सरळ आहे, आयटीआय केलेलं, दुचाकीवर तीन तालुके फिरतं. मी विचारलं, "बसवल्यावर तपासल्या का नाहीत?" तो म्हणाला, "सर, वर्क ऑर्डरमध्ये बसवणं आहे, तपासणं नाही. रात्रभर थांबायचं तर कोण पैसे देणार?"

त्याच्या या एका वाक्यात अख्खी व्यवस्था आली. कागदावर काम काय, तर पट्टी बसवणे. बिल कशाचं, तर पट्टी बसवल्याचं. संगणक चालला पाहिजे, खिडकी उघडी राहिली पाहिजे, रांगेतल्या बाईला त्याच दिवशी दाखला मिळाला पाहिजे, हे कुठेच लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही त्याचं बिल निघत नाही. ज्याचं बिल निघत नाही ते काम होत नाही. रस्त्याचं काम झालं की निदान जाडी मोजायचं नाटक तरी होतं. टाकी बांधली की पाणी भरून गळती बघतात. संगणकाला मात्र काही नाही. आकडा वाढलेला दिसला, की सही.

त्या आकड्याचीही गंमत ऐका. संगणकात जुनं ३२ बिटचं विंडोज असेल, तर ते ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरतच नाही. हातात येते ती बऱ्याचदा सव्वातीन-साडेतीन जीबी. म्हणजे ८ जीबी बसवा नाहीतर १६, बिल पूर्ण, उपयोग तेवढाच. विंडोज कुठलं आहे हे आधी बघून मग पट्टी मागवायला पाहिजे, हे सांगायला तज्ज्ञ समिती नेमावी लागते का?

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट. काढलेल्या जुन्या पट्ट्या कुठे गेल्या? कार्यालयाची तुटकी खुर्चीसुद्धा डेडस्टॉक रजिस्टरला असते. निर्लेखन झाल्याशिवाय ती भंगारात देता येत नाही. मग संगणकातून काढलेली, चालू स्थितीतली रॅमची पट्टी कुणाच्या खिशात गेली? मी विचारलं तर एकमेकांकडे बघण्याचा कार्यक्रम झाला. "कंपनीवाले घेऊन गेले असतील." असतील म्हणजे? मुद्दा फक्त किमतीचा नाही. जुनी पट्टी हातात असती तर पाच मिनिटांत ती परत लावून कळलं असतं की दोष नव्या पट्टीत आहे की नाही, आणि खिडकी त्याच दिवशी सुरू झाली असती. जुनी पट्टी गेली, म्हणजे पुरावाही गेला आणि पर्यायही गेला.

त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. एआयसाठी जगभर मोठमोठी डेटा सेंटर उभी राहतायत आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल तिकडे वळतोय. माल महाग झाला की बाजारात वापरलेला माल पुसूनपासून नवा म्हणून खपवायचा मोह वाढतो, हे आपल्या आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या मावशीलाही कळतं. आपल्या कार्यालयात तसं झालं असा माझा आरोप नाही. पण झालं नाही, हे दाखवायला तरी कागद कुठे आहे? प्रत्येक पट्टीवर लेबल असतं, त्यावर क्षमता, वेग, अनुक्रमांक असतो. तो बिलावर का नाही? मोबाईल घेतला तर आपण आयएमईआय नंबर ताडून बघतो. जनतेच्या पैशाने घेतलेल्या पट्टीचा नंबर कुणी ताडायचा?

"एवढ्याशा पट्टीवरून केवढा गहजब," असं मला एका साहेबांनी हसून सुनावलं. त्यांच्यासाठी बेल्जियमची एक गोष्ट सांगतो. १८ मे २००३. ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेक भागात इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतदान झालं. मोजणीत एका उमेदवाराला अशक्य वाटावीत इतकी मतं पडलेली दिसली. मतदारांची कार्डं परत मोजली. फरक निघाला बरोबर ४,०९६ मतांचा. २ चा २ शी बारा वेळा गुणाकार केला की ४,०९६ येतात. म्हणजे मेमरीतला एकच खण ० चा १ झाला होता. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला, की तो बिट आपोआप उलटला. आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. शक्य कोटीतला असता तर?

आणि हे लाखात एकदा होणारं नाही. २००९ साली गूगलच्या हजारो संगणकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये किमान एक तरी चूक नोंदली गेली. त्यांच्या संगणकांत चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी होती, म्हणून ती नोंदली तरी गेली. आपल्या खिडकीवरच्या साध्या संगणकात ती नसते. तिथं चूक झाली तर कुणी ओरडत नाही. निळा पडदा आला तर ते नशीब समजा, निदान दिसलं तरी. न दिसणारी चूक जास्त वाईट. स्कॅन केलेला कागद अर्धा करडा होऊन चढतो, पीडीएफ उघडत नाही, अर्ज 'कागदपत्र अवाचनीय' म्हणून परत येतो. दोष कुणाचा? अर्थात अर्जदाराचा!

आता त्या अर्जदाराकडे वळू. जूनमध्ये मी तिथं तीन दिवस रांगेत उभा राहून माणसं मोजली नाहीत, पण त्यांच्याशी बोललो. वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेली एक ताई. पोरीने सीईटी दिलेली, प्रवेशाला नॉन क्रिमी लेअर पाहिजे, त्याला आधी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. चौथा हेलपाटा. रोजंदारीवर जाते, म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली, एसटीचे पैसे वेगळे. "सर्व्हर कधी उठंल ओ?" असं मला विचारत होती. तिला वाटलं पेपरवाला आहे म्हणजे माहीत असेल. तिला काय सांगू, की बाई, सर्व्हर ठणठणीत आहे, टेबलाखालची वीतभर पट्टी आजारी आहे आणि तिला बघायला कुणाला वेळ नाही? प्रवेशाच्या फेरीची तारीख कुणासाठी थांबत नाही. आपल्या गावातल्या किती पोरांची फेरी अशी हुकली, याचा हिशोब कुठल्याच रजिस्टरला नाही.

खिडकीमागच्या क्लार्कलाही मी दोष देणार नाही. शिव्या तोच खातो. पाचदा भरलेला अर्ज सहाव्यांदा तोच भरतो. त्याने दोनदा तोंडी तक्रार केली, तिसऱ्यांदा केली असती तर "तुलाच संगणक नीट चालवता येत नाही" असं ऐकायला मिळालं असतं. मग तोही शिकला, "सर्व्हर डाऊन" म्हणायला. खोटं बोलायला माणूस असाच शिकतो, खरं बोलून काही होत नाही म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही वस्तू विकत घेतली जनतेच्या पैशाने. तिची परीक्षा झाल्याशिवाय तिचं बिल निघता कामा नये. मागण्या लिहून देतो, साहेबांनी वाचाव्यात:

१. कुठल्याही कार्यालयात रॅम बदलली किंवा वाढवली, तर रात्रभराची मेमरी तपासणी सक्तीची करा. निकालाचा फोटो बिलाला जोडा. फोटो नाही, तर बिल नाही.

२. प्रत्येक पट्टीचा अनुक्रमांक, क्षमता आणि वेग बिलावर आणि साठा नोंदवहीत लिहा. हमीची मुदत लिहा. खराब निघाली तर किती दिवसांत बदलून मिळेल, तेही करारातच लिहा.

३. काढलेली पट्टी पाकिटात घालून, संगणकाचा नंबर टाकून कार्यालयातच ठेवा. किमान नवी पट्टी महिनाभर नीट चालेपर्यंत. नंतर रीतसर निर्लेखन करा.

४. पट्टी मागवण्याआधी संगणकात विंडोज कुठलं, खाचा किती, जुनी पट्टी कुठल्या जातीची, हे एका कागदावर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

५. खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' ही पाटी लावायची असेल तर त्याखाली वेळ लिहा आणि सही करा. सर्व्हर खरंच बंद होता का, हे वरून पडताळता येतं. संगणक बंद असेल तर 'आमचा संगणक नादुरुस्त आहे' असं लिहा. लाज वाटेल, पण लाजेनेच दुरुस्ती होईल.

यात एकही मागणी अशी नाही की जिला मंत्रालयातून निधी लागेल.

आता तुम्ही काय करायचं? गप्प बसायचं नाही, एवढं तर नक्की. अर्ज दिला की तारीख घातलेली पोच मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे, साहेबांचे उपकार नाहीत. मुदत उलटली तर अपील करता येतं आणि सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. 'सर्व्हर डाऊन' हे सबळ कारण आहे का, ते त्यांना अपिलात लेखी सांगू द्या. तोंडी सांगणं सोपं असतं, लेखी द्यायचं म्हटलं की सर्व्हर लगेच सुरू होतात, हा माझा वीस वर्षांच्या पत्रकारितेतला अनुभव आहे.

दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. मी माझा अर्ज गेल्या सोमवारी दिला आहे. चारच गोष्टी मागितल्यात. अपग्रेडेशनच्या वर्क ऑर्डरची प्रत, बिलाची प्रत, बसवल्यानंतर केलेल्या तपासणीची नोंद आणि काढलेल्या पट्ट्यांची साठा नोंद. आपापल्या गावात, शाळेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात कुठं असं 'अपग्रेडेशन' झालं असेल तर तुम्हीही हेच चार प्रश्न विचारा. उत्तर आलं की मी इथंच टाकीन, जसंच्या तसं. आलं नाही तर तेही टाकीन.

आणि गावात संगणक दुरुस्तीची दुकानं चालवणाऱ्या आपल्या पोरांना एक विनंती. तुमच्यापैकी तिघांनी मला आधीच सांगितलंय, की सर, एक रात्र द्या, फुकट तपासून देतो. ही ऑफर मी साहेबांच्या कानावर घातली आहे. "बाहेरच्या माणसाला सरकारी संगणकाला हात लावता येणार नाही," असं उत्तर मिळालं. नियम म्हणून मान्य आहे, लोकांची माहिती त्यात असते. मग आतल्या माणसाने हात लावावा. कुणीतरी लावा!

साहेब, तुमच्याशी वैर नाही. उद्या संध्याकाळी सहाला कार्यालय बंद करताना तीन नंबरच्या संगणकात एक पेनड्राईव्ह लावून जा. पुढचं बिल टेबलावर येईल तेव्हा सही करण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा, रॅम पास झाली का?

पटलं तर शेअर करा. तुमच्या गावात कुठल्या खिडकीवर 'सर्व्हर डाऊन' आहे, किती दिवस आहे आणि शेजारची खिडकी चालू आहे का, एवढं कमेंटमध्ये लिहा. नावं लिहू नका, गाव आणि तारीख पुरे. यादी करून मीच घेऊन जातो.